भिंतींचा चित्रकार

आमच्या कशेळ्याच्या नाक्यावर पूर्वी एक पेंटर यायचा. भिंतीवर बियाण्यांच्या जाहिराती रंगवायचा. बैल काढताना मध्येच शिडीवरून उतरायचा, दहा पावलं मागं जायचा, डोळे बारीक करून बघायचा. जवळून नुसते फराटे. रस्त्यापलीकडून मात्र बैल दिसायचा. मकबूल फिदा हुसेन यांचं नाव निघालं की मला ती दहा पावलं आठवतात.

हुसेन यांचा जन्म १९१५चा, पंढरपूरचा. बालपण इंदूरला गेलं. १९३०च्या दशकात मुंबईत येऊन ते सिनेमाचे फलक रंगवू लागले. मजुरी चौरस फुटाच्या हिशेबानं, आण्यांत. पुढे संसारासाठी लाकडी खेळणी आणि फर्निचरचे नमुनेही केले. १९४७ साली सूझा, रझा, आरा यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये गेले आणि नाव झालं. पण लांबून दिसणारी ती ठसठशीत रेघ त्यांच्या हातातून गेली नाही. १९५४चं 'ग्रामयात्रा' हे चित्र जवळजवळ चौदा फूट लांब. त्यातल्या तेरा चौकटींत सगळं खेड्यातलं जगणं. १९५५चं 'जमीन' तर अठरा फुटांचं. १९६७ साली त्यांच्या लघुपटाला बर्लिनमध्ये सुवर्ण अस्वल मिळालं. अहमदाबादेत बाळकृष्ण दोशींनी बांधलेल्या गुंफेत त्यांनी थेट उंचसखल भिंतींवरच रंगवलं. लोक त्यांना अष्टपैलू म्हणतात. मला वाटतं, फलक रंगवणारा मजूर एकच होता. भिंती तेवढ्या बदलत गेल्या.

मग देवतांच्या चित्रांवरून वाद पेटला. ती चित्रं ज्यांना खटकली, त्या सगळ्यांचंच दुखणं खोटं होतं, असं मी म्हणणार नाही. पण चित्राला उत्तर शब्दांनी द्यावं, तोडफोडीनं नव्हे. २००६ साली त्यांनी देश सोडला. २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्यावरचे खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. २०१० साली कतारचं नागरिकत्व घेतलं आणि २०११ साली लंडनमध्ये वारले. दफनही तिकडेच झालं.

'ग्रामयात्रा' अनेक दशकं ओस्लोच्या एका रुग्णालयात होतं. मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. त्या आकड्याचं सगळ्यांना अप्रूप वाटलं. मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला मात्र पंढरपूर ते लंडन हे अंतर जास्त टोचतं. आपण त्यांच्या चित्रांपासून दहा पावलं मागं जाऊन, डोळे बारीक करून, कधी बघितलं का?