जठराच्या कर्करोगातील जैवसूचक प्रथिने

जठराचा कर्करोग झालेला रुग्ण किती जगेल आणि कोणत्या औषधाने त्याला गुण येईल, याचा अंदाज ज्या प्रथिनांवरून बांधतात ती जैवसूचक प्रथिने. सीईए, सीए 19-9 आणि सीए 72-4 रक्तात मोजतात. हर-2, पीडी-एल1, क्लॉडिन 18.2 आणि डीएनएची दुरुस्ती करणारी एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2, एमएसएच6 ही प्रथिने दुर्बिणीतून काढलेल्या गाठीच्या तुकड्यात पाहतात. शोधनिबंधांत अशी आणखी कितीतरी नावे आली आणि त्यांतली बहुतेक थोड्याशा रुग्णांपुरतीच खरी ठरली. अशा अभ्यासांना शिस्त लागावी म्हणून 2005 मध्ये 'रिमार्क' ही मार्गदर्शक सूत्रे काढावी लागली. म्हणून कसोटी एकच लावावी: या प्रथिनामुळे उपचार बदलतो का?

हर-2 या कसोटीला उतरते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टोगा' चाचणीत तपासलेल्यांपैकी सुमारे 22 टक्के रुग्णांत ते वाढलेले आढळले. आजार पसरलेल्या अशा रुग्णांना केमोथेरपीसोबत हर-2 वर मारा करणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध दिल्यावर मध्यक आयुर्मान 11.1 महिन्यांवरून 13.8 महिन्यांवर गेले. वाढ लहान आहे, पण ती या प्रथिनाशिवाय ओळखता आली नसती. दुरुस्ती-प्रथिनांचे महत्त्व मला याहून अधिक वाटते. ही दुरुस्ती बिघडलेल्या गाठी शस्त्रक्रियेनंतर तुलनेने सौम्य वागतात: चार चाचण्यांतील 1,556 रुग्णांच्या 2019च्या एकत्रित विश्लेषणात पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण अशा गटात 77.5 टक्के, तर इतरांत 59.3 टक्के होते. नेहमीच्या केमोथेरपीचा त्यांना फायदा होतो का, याचीही त्यातून शंका निर्माण झाली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. उपचार बदलला नाही तरी हाती किती काळ आहे हे कळले, तर घरच्यांना शेतीची, पैशाची, लग्नकार्याची व्यवस्था लावता येते. ही गरज खरी आहे. पण गाठ किती खोल गेली आणि लसिकाग्रंथींत पोहोचली का, यावरून ठरणारी आजाराची पायरी ते अधिक भरवशाने सांगते. आजार पुढे गेलेला असूनही सीईए सामान्य येऊ शकते, म्हणून केवळ त्या आकड्यावर कुणाला धीर देऊ नये किंवा घाबरवू नये.

दुसरा आक्षेप अंतराचा आणि खर्चाचा. साक्री-पिंपळनेरच्या रुग्णाला धुळे गाठणेच जड जाते, मग मुंबईच्या चाचण्या कशाला? पण या चाचणीसाठी रुग्णाने जायचेच नसते, तुकड्याचा मेणातला ब्लॉक पाठवला की पुरते. दुरुस्ती बिघडलेल्या गाठींवर दिली जाणारी इम्युनोथेरपी आजही अनेकांना परवडत नाही हे खरे, तरी ट्रास्टुझुमॅबच्या भारतीय आवृत्त्या मूळ औषधापेक्षा स्वस्त आहेत आणि दुरुस्ती-प्रथिनांचा अहवाल तर निरुपयोगी केमोथेरपीचा खर्च आणि त्रास वाचवू शकतो. अडते ते पहिल्याच पायरीवर. जठराच्या गाठीत हर-2 सगळीकडे सारखे नसते, त्यामुळे एकदोन तुकड्यांत ते निसटते. सहा ते आठ तुकडे घ्यावे लागतात. ते लगेच फॉर्मालिनमध्ये टाकून 6 ते 72 तास ठेवावेत; हे चुकले तर कोणतीही मोठी प्रयोगशाळा ते सुधारू शकत नाही. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरांनी एवढे पाळावे, आणि नातेवाइकांनी अहवालासोबत ब्लॉक व स्लाइड मागून घेऊन जपून ठेवाव्यात.