टॉक्सोफिलसचे वारस

१५४५ या एकाच वर्षात इंग्लंडच्या लांब धनुष्याच्या इतिहासात दोन गोष्टी घडल्या. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातील रॉजर ॲस्कम नावाच्या तिशीतल्या अध्यापकाने ‘टॉक्सोफिलस’ हे पुस्तक प्रसिद्ध करून ते राजा आठवा हेन्री याला अर्पण केले. आणि १९ जुलै रोजी पोर्टस्मथसमोरच्या समुद्रात, फ्रेंच आरमाराशी चाललेल्या लढाईत, ‘मेरी रोझ’ हे हेन्रीचे आवडते जहाज त्याच्या डोळ्यांदेखत बुडाले. पुस्तकाबद्दल ॲस्कमला वर्षाला दहा पौंडांचे वेतन मिळाले. जहाज आपल्या पोटातली शेकडो माणसे, धनुष्ये आणि बाण यांच्यासह गाळात रुतले आणि पुढची ४३७ वर्षे तिथेच राहिले.

आज जी माणसे हौसेने लांब धनुष्य विकत घेतात, किंवा स्वतः तासून करतात, आणि दर आठवड्याला मैदानावर जाऊन बाण सोडतात, ती या पुस्तकाची आणि या जहाजाची अशी दुहेरी वारस आहेत. दोन्ही वारसे एकमेकांशी सहज जुळत नाहीत, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात विशेष लक्षणीय वाटते.

आधी वस्तूविषयी थोडे. लांब धनुष्य म्हणजे एकाच लाकडाचा, साधारण पुरुषभर किंवा त्याहून उंच असा दांडा. मध्य आशियात आणि आपल्याकडे शिंग, लाकूड व स्नायू एकत्र चिकटवून केलेले आखूड, वळणदार धनुष्य प्रतिष्ठित होते. त्या मानाने हे अगदीच साधे. परंतु यू नावाच्या सदाहरित वृक्षाच्या लाकडात निसर्गानेच दोन थर एकत्र आणून ठेवलेले असतात. सालीलगतचे फिकट लाकूड ताण सोसते, आतले तांबूस गाभ्याचे लाकूड दाब सोसते. धनुष्यकार दांडा असा तासतो की फिकट थर लक्ष्याकडच्या अंगाला आणि गाभा धनुर्धराकडच्या अंगाला येतो. आता गंमत अशी की, इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिमानाचे हे जे शस्त्र, त्याचे उत्तम लाकूड इंग्लंडचे नव्हतेच. ते युरोपातून, विशेषतः आल्प्सच्या परिसरातून येई. १४७२ साली तर असा कायदाच झाला की, इंग्लिश बंदरात माल आणणाऱ्या जहाजाने दर टनामागे चार दांडे आणलेच पाहिजेत. स्वदेशीच्या प्रतीकांचा कच्चा माल पुष्कळदा परदेशी असतो, हा अनुभव काही फक्त इंग्रजांचा नाही.

कायद्यांचा विषय निघालाच आहे. तिसऱ्या एडवर्डने १३६३ मध्ये फर्मान काढले, की धडधाकट पुरुषांनी सणासुदीच्या दिवशी धनुष्यबाणाचा सराव करावा आणि चेंडूचे खेळ, कोंबड्यांच्या झुंजी वगैरे फालतू नाद सोडावेत. आठव्या हेन्रीच्या १५४१च्या कायद्याने चोवीस वर्षांवरील पुरुषाला २२० यार्डांपेक्षा जवळच्या लक्ष्यावर नेम धरायला बंदी केली. अशी फर्माने पुन्हापुन्हा काढावी लागत, यावरून ती कितपत पाळली जात होती याचा अंदाज येतो. चेंडू खेळण्यात मजा होती, धनुष्य ओढण्यात मेहनत. क्रेसी (१३४६) किंवा ॲझिनकोर्ट (१४१५) येथे बाणांचा वर्षाव करणारा धनुर्धर हा रोजंदारीवरचा शिपाई होता. घोडा बाळगणाऱ्याला दिवसाला सहा पेन्स मिळत. एडवर्डच्या काळात पायी जाणाऱ्याला त्याच्या निम्मे. धनुष्य हे त्याच्या पोटापाण्याचे साधन होते. त्याचे त्यावर प्रेम होते की नाही, हे त्याने लिहून ठेवलेले नाही; त्यांच्यातल्या बहुतेकांना लिहिताच येत नव्हते.

प्रेमाची भाषा बोलणारा पहिला महत्त्वाचा माणूस म्हणजे ॲस्कम. हा शिपाई नव्हे, ग्रीकचा पंडित. ‘टॉक्सोफिलस’ हा त्याने ग्रीक धातूंवरून जुळवलेला शब्द. त्याचा अर्थ धनुष्यावर प्रेम करणारा. पुस्तक संवादरूप आहे. टॉक्सोफिलस आणि फिलोलॉगस, म्हणजे धनुष्यप्रेमी आणि विद्याप्रेमी, हे दोघे बोलत बसतात, आणि पहिला दुसऱ्याला पटवतो की अभ्यासाने शिणलेल्या मनाला बाण मारण्यासारखा दुसरा विसावा नाही. प्लेटोच्या संवादांचा घाट इथे उघड दिसतो. मात्र पुस्तक लॅटिनमध्ये नाही, ग्रीकमध्ये नाही, इंग्रजीत आहे, आणि त्याबद्दल लेखकाने प्रस्तावनेत सविस्तर खुलासा केलेला आहे. लॅटिन किंवा ग्रीकमध्ये लिहिणे आपल्याला अधिक सोपे आणि अधिक मानाचे झाले असते, असे तो सांगतो. पण ज्यांच्यासाठी पुस्तक आहे त्या इंग्लंडच्या सरदारांना आणि जमीनकसू शेतकऱ्यांना ते वाचता यायला हवे होते. ज्ञानेश्वर-एकनाथांची मराठीविषयीची भूमिका वर्गात शिकवणाऱ्याला हा खुलासा ओळखीचा वाटल्याशिवाय राहत नाही. संदर्भ अर्थातच निराळा. तिथे मोक्षाचा मार्ग सर्वांसाठी खुला करायचा होता, इथे नेम धरण्याची रीत.

ती रीत ॲस्कमने पाच भागांत बसवली: उभे राहणे, बाण दोरीवर चढवणे, ओढणे, धरून ठेवणे, सोडणे. पण माझ्या मते पुस्तकाचे खरे वैभव तंत्राच्या या विवेचनात नाही. वाऱ्याविषयी लिहिताना तो यॉर्कशरमधल्या एका प्रवासाची आठवण सांगतो. टॉपक्लिफ आणि बरोब्रिज या गावांमधल्या वाटेवर तो घोड्यावरून चालला होता. जमिनीवर बर्फ पडलेले, वरचा थर भुसभुशीत. वाऱ्याने बर्फाची भुकटी उडू लागली, आणि जो वारा एरवी डोळ्यांना दिसत नाही तो त्याला त्या दिवशी दिसला. कधी तो एका पट्ट्यातून धावे आणि शेजारचा पट्टा स्तब्ध असे, कधी दोन प्रवाह निरनिराळ्या वेगाने जात, कधी गोल फिरत. बाण का चुकतो याचे उत्तर त्याला असे रस्त्यात सापडले. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी गद्यात इतके निरखून, इतक्या साधेपणाने लिहिलेले उतारे फार नाहीत. गद्याच्या विकासाचा विचार करताना आपण चरित्रे, धर्मग्रंथ, पत्रव्यवहार यांकडे पाहतो. एखाद्या छंदानेही भाषेला नेमकेपणा शिकवलेला असतो, याचा विसर पडू नये.

अर्थात पुस्तक लिहिले गेले तेव्हाच त्याचा विषय मावळतीला लागला होता. बंदुका आल्या होत्या. लोक धनुष्य सोडून जुगाराकडे वळले, अशी ॲस्कमची तक्रार आहे. (पुढे कॅम्डन या इतिहासकाराने लिहून ठेवले की, फासे आणि कोंबड्यांच्या झुंजी यांपायी खुद्द ॲस्कमच कफल्लक होऊन मेला. उपदेशकांच्या बाबतीत असे व्हायचेच.) बिशप लॅटिमरने १५४९ मध्ये राजासमोर प्रवचन करताना आठवण सांगितली की, आपल्याला वडिलांनी धनुष्य नुसत्या दंडाच्या जोरावर न ओढता सगळे अंग त्यात घालायला शिकवले, आणि वय वाढेल तसे अधिक जड धनुष्य हाती दिले. ही आठवणही हरवलेल्या गोष्टीविषयी बोलावे तशा सुरातच आहे. १५९० मध्ये सर जॉन स्माइदने धनुष्याच्या बाजूने हिरिरीने ग्रंथ लिहिला, त्याला बंदूकवाल्यांनी तितक्याच हिरिरीने उत्तरे दिली. १५९५ मध्ये राणीच्या मंत्रिमंडळाने प्रशिक्षित पलटणींत धनुष्याऐवजी बंदुका देण्याचा हुकूम काढला, आणि तो वाद सरकारी पातळीवर तरी मिटला.

त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे काही तुरळक मंडळ्यांनी ही परंपरा कशीबशी धरून ठेवली. मग १७८१ साल उजाडते. लंडनमध्ये सर ॲश्टन लीव्हर या हौशी संग्राहकाचे पक्षी, शिंपले आणि नाना देशींच्या चिजांचे प्रचंड संग्रहालय होते. त्याचा सहायक टॉमस वेअरिंग. दिवसभर मेजावर वाकून लिहिल्याने छातीत दाटल्यासारखे होते म्हणून या वेअरिंगने धनुष्य हाती घेतले, त्याला बरे वाटले, ते पाहून लीव्हरनेही घेतले, अशी हकिकत सांगतात. लीव्हरने मंडळ स्थापन केले आणि त्याला नाव दिले ‘टॉक्सोफिलाइट सोसायटी’. म्हणजे दोनशे छत्तीस वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकातल्या पात्राचे नाव एका जिवंत समाजाला मिळाले. १७८७ मध्ये युवराज आश्रयदाता झाला आणि हिरवे कोट घालून बाण मारणे ही उमरावांची फॅशन झाली. लक्ष्यावरच्या पाच रंगांना ९, ७, ५, ३, १ असे गुण देण्याची रीत या युवराजाच्या नावाने ओळखली जाते.

ही नवी धनुर्विद्या मुळातच निराळी होती. सक्ती गेली, युद्ध गेले, रोजंदारी गेली. हिरवळ, तंबू, मेजवानी आणि बक्षीस उरले. स्त्रियाही आल्या, कारण भरजरी पोशाखात करता येण्याजोगे खेळ थोडे होते. स्कॉटच्या ‘आयव्हॅनहो’तला (१८१९) लॉक्स्ली, म्हणजे रॉबिन हूड, याच वातावरणात लिहिला गेला. हरिभाऊंच्या संदर्भात ज्या स्कॉटचे नाव आपण घेतो, त्याच्या वाचकांत असे हिरवे कोटवाले असणारच. जॉर्ज इलियटच्या ‘डॅनियल डेरोंडा’त (१८७६) ग्वेंडोलेन आणि ग्रँडकोर्ट यांची पहिली भेट अशाच एका धनुर्मेळाव्यात होते. तिचा नेम अचूक असतो, आणि ज्याला आपण काबूत ठेवू असे तिला वाटते तो पुढे तिलाच जखडून टाकतो. त्या हिरवळीवर नेमका कसला बाजार भरत असे, हे इलियटइतके स्पष्ट कोणी दाखवलेले नाही.

याच काळात होरेस फोर्ड हा खेळाडू बारा वेळा राष्ट्रीय विजेता झाला. परंपरेप्रमाणे दोरी कानापर्यंत ओढली तर बाणाच्या रेषेत डोळा येत नाही, म्हणून ती कमी ओढावी, असे त्याने १८५६च्या आपल्या पुस्तकात प्रतिपादले. अचूकता वाढली. आणि ‘पारंपरिक’ म्हणून जे धनुष्य पुढच्या पिढ्यांनी जपले ते या नव्या ओढीचे, साधारण पन्नास पौंडांच्या आसपासचे, हातात धरायला मधोमध जाड ठेवलेले धनुष्य होते. ॲझिनकोर्टचे नव्हे.

ॲझिनकोर्टचे धनुष्य कसे होते हे कोणाला नक्की ठाऊकच नव्हते, कारण मध्ययुगातले नमुने जवळजवळ उरलेले नव्हते. ‘मेरी रोझ’च्या अवशेषांतून पाणबुड्यांनी १८४०च्या सुमारास काही धनुष्ये वर काढली होती, ती इतकी जाड होती की काही जाणकारांना ती अर्धवट घडवलेली वाटली. जहाजाचे मोठ्या प्रमाणावर उत्खनन झाले आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी सांगाडा पाण्याबाहेर आला, तोवर तिथून १७०हून अधिक धनुष्ये आणि ३,५००हून अधिक बाण मिळाले होते. कित्येक धनुष्ये पेटीत रचलेली, जशीच्या तशी. सल्लागारांत रॉबर्ट हार्डी होता. हा व्यवसायाने नट. दूरदर्शनवर त्याने पाचवा हेन्री, म्हणजे ॲझिनकोर्टचा विजेता, रंगवला होता, आणि आपल्या विद्यार्थ्यांना तो हॅरी पॉटरच्या चित्रपटांतला मंत्री फज म्हणून आठवेल. १९७६ मध्ये त्याने लांब धनुष्याचा सामाजिक व लष्करी इतिहास लिहिला होता. प्रतिकृती आणि गणित यांच्या आधारे निष्कर्ष निघाला की, ही धनुष्ये पूर्ण ओढायला १०० ते १८५ पौंड जोर लागत असे. शंभर वर्षे जपलेली परंपरा एका फटक्यात हलकी ठरली.

त्यातून हौशी मंडळींत दोन पंथ पडले. ब्रिटिश लाँग-बो सोसायटी (स्थापना १९५१) व्हिक्टोरियन घडणीचे नियम पाळते: दांडा लाकडी, टोकांना शिंगाच्या खाचा, बाण लाकडाचे, पिसे खरी, नेम धरायला कोणतेही उपकरण नाही. दुसरीकडे जहाजातल्या धनुष्यांबरहुकूम जड ‘युद्धधनुष्य’ करणारे आणि ते ओढता यावे म्हणून वर्षानुवर्षे अंग कमावणारे लोक आहेत. दुसरे पहिल्यांना नाजूक म्हणतात, पहिले दुसऱ्यांना नेम शिका म्हणतात. कोण अस्सल, हा वाद मला निष्फळ वाटतो. लॅटिमरच्या वडिलांची शिकवण मात्र दुसऱ्या पंथाने पुन्हा शोधून काढली, हे मान्य करायला हवे. दीडशे पौंडांचे धनुष्य केवळ दंडाने ओढता येतच नाही. पाठ आणि कंबर त्यात घालावी लागते.

जहाजातून माणसांची हाडेही मिळाली. अस्थितज्ज्ञ ॲन स्टर्लंड यांना त्यांत एक गोष्ट वारंवार आढळली. खांद्याच्या पात्याच्या टोकाचा तुकडा एरवी विशीच्या आसपास मुख्य हाडाशी सांधला जातो. यांच्यापैकी बऱ्याच जणांचा सांधला गेलेलाच नव्हता. पोरवयापासून जड धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा, असे त्यांनी सुचवले. तो निर्विवाद नाही, तरी पटण्याजोगा आहे. ही धनुष्ये आता पोर्टस्मथच्या संग्रहालयात आहेत, आणि कित्येक हौशी धनुष्यकार नवा दांडा हाती घेण्याआधी तिथे जाऊन त्यांची घडण निरखून येतात.