लाल मातीत कोण उतरलं?

एरवी मी पुण्यात लॅपटॉपसमोर बसून कोड लिहितो. पण यंदा जत्रेला गावी गेलो होतो. हलगी घुमत होती, फडावर कुस्त्या रंगल्या होत्या. दहा वर्षांची पुतणी म्हणाली, "काका, मला पण कुस्ती खेळायचीय." शेजारचे आण्णा हसले, "पोरींचं काम नाही बाळा ते." मी गप्प बसलो. ते गप्प बसणं डोक्यातून जाईना, म्हणून आजचा हा भाग.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. १९१२ मध्ये खासबाग मैदान खुलं झालं. गावोगावी तालमी होत्या. माती चाळायची, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू मिसळायचं. पहाटे वस्तादांसमोर जोर-बैठका काढायच्या. पोरगं एका घरचं, पण पैलवान अख्ख्या गावाचा.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. मग लोकांनी वर्गणी काढली, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल. पण 'अख्खं गाव' म्हणताना त्यात कोण होतं, हे कधी विचारलंच नाही. वर्गणी घराघरातून आली, पैलवानाचं दूध तापवलं, भाकऱ्या थापल्या त्या बायांनी. तालमीच्या उंबऱ्याच्या आत मात्र फक्त पोरं.

आकडेच बघा ना. पुरुषांची 'महाराष्ट्र केसरी' सुरू झाली १९६१ मध्ये. महिलांची पहिली 'महाराष्ट्र केसरी' भरली २०२३ मध्ये, सांगलीत. ती गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. मधे गेली तब्बल ६२ वर्षं! तेवढ्या काळात किती पोरींना "तुझं काम नाही" ऐकावं लागलं असेल?

परवा गावच्या वस्तादांना फोन केला. ते म्हणाले, "पाठवा की! पण एकटी नको, आणखी चार पोरी आणा. जोड लागते."

तीन तयार झाल्यात. चौथीच्या घरी या रविवारी जातोय. आण्णांची नात आहे ती.