चालते बिऱ्हाड

वारीच्या इतिहासात टाळ-मृदंगाची नोंद होते; चुलींची आणि राहुट्यांची सहसा होत नाही. १६८५ साली तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी पालखीची प्रथा घातली. माउलींच्या सोहळ्याला आजची घडी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिली. शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या या माणसाने दिंड्यांचा क्रम, मुक्काम, चोपदार अशी फौजेची शिस्त बसवली. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आणि तंबू आले.

धर्मपुरीला ही पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते. पुढे नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. दिंड्यांतून संसाराच्या जबाबदाऱ्या उतरवून निघालेली वयस्क मंडळी पुष्कळ दिसतात. त्यांचे बिऱ्हाड पूर्वी बैलगाडीत असे, आता ट्रकमध्ये असते. ट्रक पुढे जातो, राहुट्या ठोकल्या जातात. भिशी भरली की जेवणाची चिंता नाही. संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो, टाळ थांबतात आणि हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात.

घरात ज्या म्हातारीचे बोलणे ऐकायला कुणी थांबत नाही, तिच्या पिशवीसाठी इथे सारा सोहळा गप्प उभा राहतो. थकलेले पाय दर ज्येष्ठात पुन्हा निघतात ते भक्तीने, हे खरेच. पण या व्यवस्थेचा आधार नसता तर त्यातले कितीजण पंढरपूरला पोचले असते?