मागे तंबोरा धरून बसलेली पोर



आपण या कार्यक्रमात हप्ते, शेळीपालन, शिलाई यांवर नेहमी बोलतो. आज गाण्याच्या इतिहासाबद्दल बोलायचंय, पण विषय निघाला तो बचत गटाच्या बैठकीतच. आमच्या एका ताईंनी गटाकडं अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला, तर मुलीला तंबोरा घ्यायला. सगळ्या एकदम गप्प झाल्या. मग एक जण म्हणाली, "म्हशीला कर्ज दिलं तर दूध येतं. तंबोऱ्यातनं काय येणार?" आम्हालाही उत्तर सुचलं नाही. निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला, आणि मधल्या दिवसांत त्या मायलेकींना घेऊन आम्ही औंधला गेलो.

औंध आपल्या सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. यमाईच्या दर्शनाला आपण सगळ्या जातो. पण कोजागिरीनंतर, आश्विन वद्य पंचमीला तिथं गाण्याचा उत्सव भरतो, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? औंध संस्थानचे दरबारी गायक अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या पुण्यतिथीला 1940 साली हा उत्सव सुरू केला. पुढं त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी यांनी तो चालवला. गजाननबुवा गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे. 1981 साली त्यांनी शिवानंद स्वामी संगीत प्रतिष्ठान स्थापन केलं. 1987 साली बुवा गेले, पण उत्सव थांबला नाही. शिष्यांनी आणि घरच्या पुढच्या पिढीनं तो हातात घेतला. त्यांच्या नाती अपूर्वा गोखले आणि पल्लवी जोशी आज नावाजलेल्या गायिका आहेत.

या उत्सवाला तिकीट नाही. आम्ही सतरंजीवर पुढंच जाऊन बसलो. पहिला तासभर खरं सांगायचं तर काही कळलं नाही. पण नजर सारखी एका जागी जात होती. गाणाऱ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना तंबोरे धरून तरुण मुलं-मुली बसलेली. ती बोटं एका लयीत फिरवत होती. गुरूंनी मान वळवली की मागची पोर हळूच सूर मिसळायची, गुरू थांबले की तीच सूर धरून ठेवायची. आमची मुलगी कानात म्हणाली, "मावशी, शिकणारा आधी तिथं बसतो."

या एका वाक्यात सगळा इतिहास आला. शाळेत फळा असतो, गाण्यात ही मागची जागा असते. गुरू श्वास कुठं घेतात, चुकलं तर कसं सावरतात, समोरचे लोक कंटाळले तर काय करतात, हे तिथं बसूनच कळतं. मग एखाद्या वर्षी तीच पोर पुढं बसते आणि तिच्या मागे दुसरी. औंधचा मंच इतकी वर्षं टिकला तो असा.

आता त्या तंबोऱ्याकडं वळू. तो येतो आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातून, मिरजेहून. मिरजेत शिकलगार कारागीर हत्यारं बनवायचे. इंग्रजी अमलात हत्यारांची मागणी घटली. तेव्हा फरीदसाहेब शिकलगार यांनी आधी वाद्यांची दुरुस्ती आणि मग तंबोरे, सतारी बनवायला सुरुवात केली. हातातलं काम गेलं, तर हातातल्याच कसबानं दुसरं उभं केलं. तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून. म्हणजे तंबोऱ्याची सुरुवातही शेतातच होते. तो वाळवायचा, कापायचा, लाकडाची दांडी जोडायची, तारा चढवायच्या आणि शेवटी जवारी काढायची, तेव्हा तो बोलतो. बायकांच्या वरच्या सुरासाठी आकारानं लहान असा जनानी तंबोराही असतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं.

मिरजेतच मीरासाहेबांचा दर्गा आहे. उरुसात पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो, आणि गाणं ऐकायला सगळ्या जातीधर्माची माणसं बसतात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ उत्तरेतून येऊन मिरजेत राहिले. प्लेगच्या दुखण्यातून दर्ग्याच्या कृपेनं बरे झालो, अशी त्यांची श्रद्धा होती, असं सांगतात. दरवर्षी उरुसात ते तिथं चिंचेच्या झाडाखाली गायचे. 1937 साली मद्रासहून पुढं जाताना प्रवासात ते वारले. त्यांना मिरजेत आणून दर्ग्याच्या आवारातच दफन केलं. तेव्हापासून त्यांच्या आठवणीसाठी तिथं संगीत सभा होते. त्यांच्या शिष्याचे शिष्य, गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी, इथं हजेरी लावून गेले. आजही नामवंतांबरोबर मिरजेतले नवे गाणारे-वाजवणारे त्याच जागी बसतात.

पण आपल्याला सांगायची गोष्ट वेगळीच. खाँसाहेबांची मुलगी हिराबाई 1905 साली मिरजेत जन्मली. आई ताराबाई माने 1922 साली मुलं घेऊन वेगळ्या झाल्या आणि पाच लेकरं एकटीनं वाढवली. त्या काळी चारचौघांत गाणाऱ्या बाईकडं लोक वाकड्या नजरेनं बघत. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, पुरुष गवयांसारख्या बैठकीत बसून, मानानं. त्यांच्यामुळं घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या मुलींनाही गाण्याची वाट मोकळी झाली. 1970 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. ज्या दर्ग्यात वडील गायचे, तिथं त्यांनीही वर्षानुवर्षं सेवा केली.

औंधहून परत आल्यावर बैठकीत आम्ही हे सगळं सांगितलं. म्हशीचं बोललेल्या ताई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताराबाईला कुणी कर्ज दिलं असंल का?" कुणी बोललं नाही. ठरावावर पहिली सही त्यांनीच केली.

तंबोरा मिरजेहून आला. आई शिलाई करून हप्ते फेडते, अजून एकही चुकलेला नाही. पोर आठवड्यातून दोनदा एसटीनं शिकायला जाते. मंचावर ती अजून बसलेली नाही, मागच्या जागेचीच तयारी चालू आहे.

मैत्रिणींनो, औंधचा उत्सव असो की मिरजेचा उरूस, आपल्या मुलींना घेऊन जा. जागा लांबची नाही आणि परकी तर अजिबात नाही. पुढं जाऊन बसा, आणि गाणाऱ्यांच्या मागे कोण बसलंय ते आधी बघा.

रामराम.