लीलावतींतील भावांचें प्रामाण्य

भास्कराचार्यांच्या लीलावतींतील (शके १०७२, इ. स. ११५०) उदाहरणांवरून तत्कालीन बाजारभाव ठरविण्याचा मोह संशोधकांस होतो. तो कितपत रास्त, हें पाहूं.

आरंभींच्या परिभाषेंत २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म व १६ द्रम्मांचा निष्क सांगितला आहे. म्हणजे निष्काच्या कवड्या २०,४८०. त्रैराशिकांतील प्रश्न असा : ३/७ निष्कास अडीच पल केशर, तर ९ निष्कांस किती? उत्तर ५२ पल २ कर्ष. परंतु ३/७ निष्काच्या कवड्या ८,७७७ होऊन वर १/७ कवडी उरते! असें मोल दुकानीं मोजून देतां येत नाहीं. सातांचा छेद शिष्याच्या अभ्यासासाठींच योजिला, हें उघड आहे. ग्रंथ अध्यापनाचा होता. आचार्यांचा नातू चांगदेव ह्यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिल्याचें चाळीसगांवनजीकच्या पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखांत नमूद आहे.

मग उदाहरणें निरुपयोगी काय? नाहीं. शंभरांस दरमहा ५ व्याज, तर १६ चें वर्षाचें किती, ह्याचें उत्तर ९ ३/५. येथें ५ हा आंकडा सोयीचा असेल. पण व्याज दरमहा शेंकड्यावर सांगण्याची रीत शिष्यास परिचित असलीच पाहिजे. पुढें मराठी कर्जरोख्यांतही 'दरमहा दरसदे' असेंच लिहिलेलें आढळतें.

तात्पर्य, गणिताच्या पोथींतून परिमाणें व व्यवहाराची रीत निःशंक टिपावी. भाव मात्र दानपत्र किंवा जमाखर्चाचा दुजोरा मिळाल्यावांचून प्रमाण मानूं नये.