कुंपणातली मोकळीक

कुत्र्याला मोकळे सोडण्यासाठी आधी कुंपण घालावे लागते, हे मराठी वाचकाला प्रथमदर्शनी विनोदी वाटेल. आपल्याकडे कुंपण असते ते पिकाला, बागेला, फार तर बंगल्याला. कुत्रा कुंपणाबाहेर असतो आणि मोकळाच असतो. अमेरिकेतील ‘डॉग पार्क’ नेमक्या उलट कल्पनेवर उभे आहे. शहरात इतरत्र कुत्र्याची साखळी सोडणे हा दंडनीय प्रमाद. या जाळीच्या आत मात्र ती सोडायची, किंबहुना त्यासाठीच यायचे. शनिवारी सकाळी आईवडील, मुले, कधी सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले आजीआजोबा आणि घरचा कुत्रा असा सारा परिवार गाडीत बसून तेथे जातो. इतकी घरगुती, निरुपद्रवी दिसणारी ही प्रथा. तिच्या इतिहासात डोकावल्यावर मात्र आम्हांला तेथे बुडवून मारलेली कुत्री, पाडलेली घरे, एक गोळीबार आणि बागेतून हुसकावलेली माणसे दिसली. तेवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रारंभ साखळीपासून करावा लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर कुत्री आणि डुकरे आपल्या गावांतल्यासारखीच हिंडत असत. मालक असलेला कुत्राही दिवसभर गल्लीत असे आणि रात्री दारात येऊन झोपे. उन्हाळा आला की पिसाळलेल्या कुत्र्याची धास्ती सुरू होई आणि पकडून आणलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळे. पकडणारी बहुधा गरिबांची मुले. बक्षिसापायी लोकांची पाळलेली कुत्रीही पळवली जात. कोणी सोडवून न नेलेली कुत्री लोखंडी पिंजऱ्यात कोंबून तो पिंजरा ईस्ट नदीत बुडवण्यात येई. हेन्री बर्ग यांनी १८६६ साली प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था न्यूयॉर्कमध्ये स्थापन केली आणि १८९४ साली शहरातील कुत्र्यांचा कारभार, परवान्यांसकट, या संस्थेकडे आला. बुडवणे थांबले. मारणे थांबले नाही, त्याची रीत तेवढी बदलली.

या काळातच दुसरी एक घटना घडली. जुलै १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये रेबीजवरची लस एका मुलावर यशस्वीपणे वापरली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यू जर्सीतील नेवार्क गावच्या, कुत्रा चावलेल्या चार मुलांना वर्गणी गोळा करून बोटीने पॅरिसला पाठवण्यात आले. मुले जगली, परतल्यावर त्यांना तिकीट लावून लोकांपुढे उभेही करण्यात आले. (अमेरिकन व्यवहारबुद्धी काही आजची नव्हे.) उपाय सापडल्यावर भय कमी व्हावे, असे आपल्याला वाटेल, पण भटक्या कुत्र्याकडे संशयाने पाहण्याची सवय सुटली नाही. उलट, मालक असलेला कुत्रा आणि मालक नसलेला कुत्रा हा भेद आता कायद्याने पक्का झाला. ज्याच्या गळ्यात परवान्याचा बिल्ला, तो कुटुंबाचा. ज्याच्या गळ्यात नाही, तो पालिकेचा, म्हणजे मारण्याचा. अमेरिकन शहरांतून रस्त्यावरचा कुत्रा नाहीसा झाला त्याचे श्रेय स्वच्छतेला आणि लसीला दिले जाते. ते खरेही आहे, पण अपुरे आहे. दीर्घकाळ, शांतपणे आणि फार मोठ्या प्रमाणावर केलेल्या हत्येचाही त्यात वाटा आहे, आणि डॉग पार्कच्या बाकावर बसून याची आठवण क्वचितच कोणाला होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे पसरली, मोटारी वाढल्या, आणि कुत्रा घराबाहेर साखळीनेच न्यावा असे नियम शहरोशहरी झाले. न्यूयॉर्कमध्ये १९७८ साली आपल्या कुत्र्याची विष्ठा मालकाने स्वतः उचलली पाहिजे असा कायदा अमलात आला. तेव्हा त्याची टिंगल झाली. पुढे त्याचा शिष्टाचार झाला. आता कुत्रा पूर्णपणे घराचा होता. तो पलंगावर झोपू लागला, त्याचे डबाबंद अन्न आले, त्याचे वाढदिवस आले. धावण्यासाठी मात्र त्याला जागा उरली नाही.

येथे बर्कलीची कथा येते, आणि ती थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. कॅलिफोर्नियातील या विद्यापीठाच्या गावातून ‘बार्ट’ ही रेल्वे जायची होती. गावाचे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून बर्कलीच्या मतदारांनी १९६६ साली स्वतःवर जादा कर बसवून घेतला आणि रूळ जमिनीखालून नेण्याचा आग्रह धरला. बोगद्यासाठी हर्स्ट ॲव्हेन्यूलगतची घरे पाडली गेली आणि मागे जमिनीचा एक लांबलचक रिकामा पट्टा उरला. त्याच सुमारास गावाच्या दुसऱ्या भागात विद्यापीठाने अशीच घरे पाडून मोकळ्या ठेवलेल्या भूखंडावर एप्रिल १९६९ मध्ये विद्यार्थी आणि रहिवाशांनी झाडे लावून ‘पीपल्स पार्क’ उभे केले. १५ मे १९६९ च्या पहाटे पोलीस बंदोबस्तात त्या जागेभोवती जाळीचे कुंपण घालण्यात आले. मोर्चा निघाला, पोलिसांनी छऱ्यांच्या बंदुका चालवल्या, जेम्स रेक्टर हा तरुण जखमी होऊन चार दिवसांनी मरण पावला, एकाची दृष्टी गेली. गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी नॅशनल गार्डचे सैनिक गावात आणले. कुंपणाआत जाता येईना, तेव्हा आंदोलकांनी हर्स्टच्या त्या रिकाम्या पट्ट्यावर रोपे लावली आणि त्याला ‘पीपल्स पार्क’चे उपांग म्हटले. पुढची दहा वर्षे ही जागा अशीच राहिली: थोडी भाजी, थोडे गवत, आणि सकाळसंध्याकाळ साखळी सोडून फिरणारी शेजारपाजारची कुत्री.

१९७९ साली या पट्ट्याचे रीतसर उद्यान झाले. त्या भूमीवरील मूळ रहिवाशांच्या, ओलोनी लोकांच्या, नावाने ते ओळखले जाते. ज्यांची जमीन गेली त्यांचे नाव बागेला देण्याची ही रीत आपल्यालाही अपरिचित नाही. त्याच वर्षी त्याच्या एका कोपऱ्यात, प्रयोग म्हणून, कुत्र्यांसाठी कुंपण घातलेला एक तुकडा राखण्यात आला. अमेरिकेतील पहिले डॉग पार्क म्हणून त्याचाच उल्लेख होतो. ज्या गावात कुंपण घातले म्हणून दंगल पेटली होती, त्याच गावाने दहा वर्षांनी, त्या आंदोलनाच्याच शेजारभूमीवर कुंपण मान्य केले, आणि ते सर्वांना हवेहवेसे वाटले. आम्हांला यात बर्कलीकरांचा दुटप्पीपणा दिसत नाही. दिसते ते एवढेच, की ‘सर्वांची मोकळी जागा’ या स्वप्नाचा दहा वर्षांत नियमांत बसणारा, मोजून दिलेला भाग शिल्लक राहिला, आणि तो भाग कुत्र्यांच्या वाट्याला आला.

न्यूयॉर्कचे उदाहरण याहून बोचरे आहे. मॅनहॅटनमधील टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्क हे ऐंशीच्या दशकात बेघर माणसांचे आश्रयस्थान होते. रात्री एक वाजता बाग बंद करण्याचा नियम आल्यावर ऑगस्ट १९८८ मध्ये तेथे पोलीस आणि निदर्शक यांच्यात रात्रभर चकमक झाली. १९९० मध्ये या बागेत कुत्र्यांसाठी कुंपण घातलेले आवार सुरू झाले. शहरातील अशा प्रकारचे हे पहिले. १९९१ च्या जूनमध्ये बेघरांच्या झोपड्या हटवून बाग बंद करण्यात आली आणि १९९२ साली नवे रूप घेऊन उघडली. कुत्र्यांमुळे माणसे हाकलली गेली, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्याची कारणे घरभाड्यात आणि पालिकेच्या धोरणात होती. परंतु ज्यांना घर नव्हते त्यांना बागेत जागा उरली नाही आणि ज्यांना घर होते अशा प्राण्यांना ती मिळाली, हे कालक्रमात स्पष्ट दिसते. बाग कोणाची, या प्रश्नाला येथे उत्तर मिळाले ते असे: ज्याच्यामागे पत्ता आहे त्याची.

सर्वत्रच कुंपण होते असे नाही. न्यूयॉर्कने २००७ साली नियम करून रात्री नऊ ते सकाळी नऊ या दरम्यान, बाग उघडी असेल त्या वेळात, ठरावीक बागांतून कुत्री मोकळी सोडण्यास रीतसर मान्यता दिली. हे वेळेचे कुंपण. त्याआधीही ही सवलत वर्षानुवर्षे तोंडी चालत होती. क्वीन्समधील नागरिकांचा एक गट न्यायालयात गेला, तेव्हा ती लेखी करावी लागली.

आमचा स्वतःचा अनुभव अगदी थोडा, दोन उन्हाळ्यांपुरता. भाच्याकडे गेलो असताना त्याच्या कुटुंबाबरोबर अशा तीन-चार उद्यानांत जाण्याचा योग आला. पहिले नवल वाटले ते दुहेरी फाटकाचे. बाहेरचे दार लावल्याखेरीज आतले उघडायचे नाही. मधल्या चौकोनात उभे राहून साखळी काढायची. मोठ्या कुत्र्यांचे आवार निराळे, लहानांचे निराळे. खाऊ आणायचा नाही, लस टोचलेली हवी, माजावर आलेली मादी नको, अमुक वयाखालील मूल नको, अशी पाटी. माणसे एकमेकांची नावे विचारत नाहीत. ‘चार्लीची आई’, ‘मोचाचे बाबा’ एवढ्यावर वर्षभर ओळख चालते. आपल्याकडे बाईला मुलाच्या नावाने हाक मारण्याची पद्धत मागासलेली ठरली. येथे ती कुत्र्याच्या नावाने नव्याने रुजलेली पाहून आम्हांला हसू आले. कुत्री मात्र खरोखर आनंदात होती. त्यांचे ते सुसाट धावणे पाहून बरे वाटले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. भाच्याच्या आईने, म्हणजे आमच्या आक्कांनी, बाकावर बसल्याबसल्या विचारले, “यातलं बिनमालकाचं कुठलं रे?” भाच्याला प्रश्नच कळला नाही.

तो प्रश्न मुंबईत विचारला गेला होता. कंपनी सरकारच्या १८१३ च्या नियमानुसार मुंबईत उन्हाळ्यातील व पावसाळ्यानंतरच्या ठरावीक महिन्यांत बेवारशी कुत्री मारली जात आणि शिपायांना दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. १८३२ साली ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली गेली. पैशाच्या लोभाने घरांतली कुत्रीही ओढून नेल्याच्या तक्रारी झाल्या. न्यूयॉर्क आणि मुंबई यांत हजारो मैलांचे अंतर, पण बक्षिसाची रीत आणि तिचा परिणाम एकच. फरक पडला तो पुढे. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. मृतदेहाला कुत्र्याची दृष्टी घडवण्याचा ‘सगदीद’ हा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग आहे. ६ जून रोजी, त्यांच्या एका पवित्र दिवशी, पारशी समाजातील लोकांनी शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, कोटातील गोऱ्यांची रसद अडली, इतर समाजही सामील झाले, सैन्य बोलवावे लागले. समाजातील प्रतिष्ठितांनी सरकारशी बोलणी केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर पाठवावीत असा तोडगा पुढे आला. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला, तो याच घडामोडींच्या पाठोपाठ. बिनमालकाच्या प्राण्यासाठी राखलेली ती जागा होती. डॉग पार्क हे त्याच्या अगदी विरुद्ध टोक: तेथे मालकाशिवाय प्रवेशच नाही.

मालक नसलेला कुत्रा आपल्या कल्पनेला परका नाही. महाभारतात धर्मराजाच्या मागे शेवटपर्यंत चालत आलेला कुत्रा त्याने पाळलेला नव्हता. दत्ताच्या तसबिरीतील चार कुत्र्यांच्या गळ्यांत साखळी नसते. परंतु या श्रद्धेची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील रेबीजमृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, आणि त्यांत मुले फार. ती बहुधा मोटारीतून शाळेत जाणारी मुले नसतात. मोकळ्या कुत्र्याचे काव्य लिहिणाऱ्यांनी हे विसरू नये, आणि आम्ही स्वतःलाही त्यांतच धरतो.

भारतात २००१ च्या नियमांनी मारण्याऐवजी नसबंदी, लस आणि त्याच जागी परत सोडणे हा मार्ग स्वीकारला. २०२३ च्या नियमांनी तो कायम ठेवला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सारी भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची लस आणि नसबंदीनंतर मूळ जागी सोडावीत आणि अन्न घालण्यासाठी ठरावीक जागा नेमाव्यात असे सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके येथील कुत्री उचलून पुन्हा तेथे सोडू नयेत असा आदेश आला. दरम्यान पाळीव कुत्र्यांसाठी उद्याने आपल्याकडेही निघाली आहेत. हैदराबादेत कोंडापूरला महापालिकेने २०१८ सालीच असे एक उघडले. अन्न घालण्याच्या जागा ठरवण्याचे काम २०२३ च्या नियमांनी गृहनिर्माण संस्थांवरही सोपवले आहे. फाटकाच्या आत की बाहेर, कचराकुंडीपाशी की मुलांच्या झोपाळ्यांपासून दूर, यावरून अनेक सोसायट्यांच्या सभा आता रात्री उशिरापर्यंत चालतात.